शेकावरचं बाकडं

धुलाईखान्याच्या मागच्या भिंतीला वसाहतीतले सगळे शेक म्हणत. भिंतीपलीकडे बॉयलर होता, त्यामुळे ती बारा महिने कोमट असे. थंडीत तिला पाठ लावून बसलं की दुखऱ्या हाडांची कुरकुर थांबायची. भिंतीला लागून एक लांबलचक लाकडी बाकडं होतं. ते कोणी आणून टाकलं आणि कधी, हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. बसणाऱ्यांच्या पाठींनी मात्र भिंतीवर एक काळपट, गुळगुळीत पट्टा उमटवला होता. घरात माणूस दिसला नाही की "कुठे गेले?" असं कोणी विचारायचं, "शेकावर" असं उत्तर यायचं, आणि पुढे कोणी काही विचारायचं नाही.

घडीताईचे यजमान आता सकाळच्या चहानंतर जे शेकावर बसत ते दिवेलागणीला उठत.

घडीताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. जन्मभर ती धुलाईखान्यात घडी विभागात होती. इस्त्रीच्या रुळातून निघालेली गरम चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची, पुढे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं, मागे सरायचं, पुन्हा पुढे. दिवसभर तेच. बघणाऱ्याला वाटे बायका नाचताहेत. हात पोळायचे, पण गप्पा काय व्हायच्या. यंत्रांच्या धडधडाटात ओरडून बोलावं लागे, म्हणून कोणाचं काही गुपित राहत नसे. कोणाची सासू कशी आणि कोणाचा नवरा घोरतो किती, सगळं सगळ्यांना पाठ. त्या धडधडाटानं पुढे सगळ्यांचेच कान खाल्ले, ती गोष्ट निराळी. आता त्या म्हाताऱ्या एकत्र बसल्या की रस्त्यावरून जाणाऱ्याला भांडण लागलंय असं वाटतं.

यजमान बॉयलरवर होते. त्यांना सगळे भट्टीवाले म्हणत. बॉयलरच्या आवाजात जरा फरक पडला तर हातातला घास टाकून उठणारा माणूस. त्यांची स्मरणशक्ती एकदम नाही गेली. जुनी चादर जशी आधी मधोमध विरते आणि मग कडांकडे फाटत जाते, तशी ती गेली. आधी कालचं जेवण गेलं, मग शेजाऱ्यांची तोंडं, मग पोटच्या मुलीचं नाव. बॉयलर तेवढा शाबूत राहिला. शेकावर बसून ते मधूनच तळवा मागे भिंतीवर टेकवत आणि म्हणत, "प्रेशर बरोबर आहे." मग त्यांचा चेहरा निवत असे.

घरात मात्र त्यांना चैन पडत नसे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसून ते म्हणत, "चला, घरी जाऊ या," आणि उठून चालू लागत. एकदा असे गेले ते थेट मोठ्या रस्त्याला. एका बसवाल्यानं धरून आणलं म्हणून निभावलं. मुलगी दुसऱ्या गावाहून धावत आली. आल्या आल्या म्हणाली, "आई, दाराला कुलूप लाव. दुसरा इलाज नाही."

"कुलूप सामानाला लावतात गं. माणसाला नाही."

"आणि पुन्हा गेले तर?"

"शेकावर बसले की कुठे जात नाहीत. मला ओट्यापाशी उभं राहून त्यांची टोपी दिसते."

"म्हणजे सगळी मदार त्या मोडक्या बाकड्यावर का?"

"हो, आहे. तुझ्या लहानपणी तुझी मदारसुद्धा त्याच्यावरच होती. तिथे झोपवून मी कामाची पाळी करत होते."

मुलगी पिशवी आवरू लागली. पण घडीताईनं मनाशी पक्कं धरलं होतं, बाकडं आहे तोवर कुलूप नाही.

आणि त्याच वर्षी मोकळ्या जागेचं काम निघालं.

वसाहत आणि धुलाईखाना यांच्यामध्ये एक ओसाड जागा होती. गंजलेली घसरगुंडी, पाणी साचणारा खड्डा, तुटकी तार, आणि कडेला शेक. शहर कचेरीनं ठरवलं की ती जागा सुधारायची, आणि तीही रहिवाशांना विचारून. लहानांना खेळता यावं, म्हाताऱ्यांना चालता यावं, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही बाहेर पडता यावं, असा एकूण बेत होता. त्यासाठी एक तरुण आर्किटेक्ट बाई येऊ लागली. वसाहतीनं तिचं नाव आराखडेवाली ठेवून टाकलं.

पोरगी गुणाची होती, हे म्हटलं पाहिजे. हातात कागदाची गुंडाळी, पायात चिखलाचे बूट. घरोघरी जायची, दिला तो चहा प्यायची, आणि ऐकून घ्यायची. शेकावर भट्टीवाल्यांच्या शेजारीसुद्धा येऊन बसली.

"आजोबा, इथे काय काय असावं तुम्हाला वाटतं?"

"प्रेशर," भट्टीवाले म्हणाले.

ती हसली नाही. भिंतीला हात लावून म्हणाली, "खरंच की, गरम आहे."

घडीताईला ती तेव्हाच आवडली. तरी एक काळजी होतीच. नवं करायला निघालेली माणसं जुनं आधी उचलतात, हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. म्हणून सभेची चिठ्ठी दारात पडली तशी ती मुकादमबाईंकडे गेली. मुकादमबाई म्हणजे घडी विभागावरच्या जुन्या मुकादम. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, पण जरब जागच्या जागी होती.

"बाकडं राहिलं पाहिजे," घडीताई म्हणाली. "तुम्ही हाक दिलीत तर सगळ्याजणी येतील."

"येतील म्हणजे? आणते की नाही बघ," मुकादमबाई म्हणाल्या. "न येणारीला मी घरातून ओढून काढीन. तुझा माणूस तिथे बसतो म्हणून नाही हं. माझी पाठ त्या भिंतीची आहे, म्हणून."

इथे लाल दोऱ्याची गोष्ट सांगायला हवी. धुलाईखान्यात कपड्यांची गाठोडी यायची त्यांना दोरे बांधलेले असत. पांढरा दोरा म्हणजे हॉस्पिटलचं, उकळत्या पाण्यात टाका. निळा म्हणजे हॉटेलचं. आणि क्वचित एखाद्या गाठोड्याला लाल दोरा असे. त्यात कोणाच्या आजीनं विणलेली शाल असे, नाहीतर एखाद्या न राहिलेल्या बाळाचं दुपटं. लाल दोरा म्हणजे यंत्रात घालायचं नाही, पिळायचं नाही, एकीनंच हातावर, जीव लावून धुवायचं. होता होता तो दोरा बोलण्यात आला. आजारातून उठलेल्या माणसाला "अजून लाल दोऱ्यात आहे" म्हणत. नाजूकसाजूक वागणारीला "लाल दोरा बांधून आलीस का गं?" असा टोमणा मिळे. घडीताईची मुलगी अपुऱ्या दिवसांची, तिला तर शाळेत जाईपर्यंत सगळी वसाहत लाल दोऱ्याची म्हणत होती. ही बोली फाटकाबाहेर कोणाला कळत नसे, आणि कळत नाही हे आतल्यांना कधी सुचतही नसे.

सभा शाळेच्या सभागृहात होती. भिंतीवर जागेतल्या एकेका वस्तूचे मोठे फोटो लावले होते. घसरगुंडी, खड्डा, तार, कचऱ्याची पेटी, आणि शेवटी शेकावरचं बाकडं. प्रत्येकाच्या हातात रंगीत चिकट ठिपके दिले, काही हिरवे, काही लाल. म्हाताऱ्या मागच्या रांगेत बसल्या, कारण पुढे बसलं तर मध्येच उठून जाता येत नाही.

आराखडेवाली माइकवर म्हणाली, "फोटो नीट बघा. जे तुम्हाला आवडतं, त्यावर हिरवा ठिपका. आणि लाल ठिपका म्हणजे..."

माइक किंचाळला. लोकांनी कानांवर हात ठेवले. माइक शांत झाला तोवर ती पुढे वळणारी पायवाट कशी असेल ते सांगू लागली होती. पुढच्या रांगांना कळलं असणार. आणि लाल म्हणजे काय हे बाहेरच्या जगात कोणाला सांगावंही लागत नाही.

"काय म्हणाली?" मुकादमबाईंनी ओरडून विचारलं.

"हिरवा म्हणजे आवडतं, म्हणे."

"आणि लाल?"

घडीताईनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "लाल म्हणजे लालच की."

"मग बाकड्याला हिरवा कशाला? आवडायला मला आइस्क्रीमही आवडतं. हे नुसतं आवडायचं नाही, हे जपायचंय." त्या मागे वळल्या. "ए, ऐका गं सगळ्या. बाकड्याला लाल. सगळे लाल तिथेच. एकही इकडेतिकडे घालवायचा नाही."

"घसरगुंडीला काय लावू?" एकीनं विचारलं.

"तिला काय लावायचंय ते लाव. घसरायचंय का तुला?"

हसत हसत सगळ्याजणी उठल्या. काठ्या टेकत, एकमेकींना धरत रांगेनं फोटोपाशी गेल्या. थरथरत्या बोटांनी ठिपक्यामागचा कागद सुटेना, तर दुसरीनं सोडवून दिला. घडीताईनं आपला पहिला ठिपका बरोबर त्या जागी लावला जिथे भट्टीवाले बसत. बघता बघता बाकडं ठिपक्यांखाली दिसेनासं झालं. किती वर्षांनी सगळ्या मिळून एक काम करत होत्या. घडीताईला वाटलं, चादर अजून आपल्याच हातात आहे, टोकं जुळताहेत.

आराखडेवाली बाजूला उभी राहून पाहत होती. फोटो भरून गेला तशी ती जवळ आली.

"आजी, हे नक्की ना? तुम्हा सगळ्यांचं?"

"अगदी नक्की. ठरवून आलोय आम्ही."

"म्हणजे, मला आपलं वेगळं वाटलं होतं..."

"तुला काय वाटायचंय, बाळ," मुकादमबाई म्हणाल्या. "जन्म गेला आमचा तिथे. आम्ही सांगतो तसं कर म्हणजे झालं."

आराखडेवालीनं मान हलवली. "तसंच करीन. तुमचंच ऐकायला आलेय मी."

घडीताईचा जीव भांड्यात पडला. परत येताना ती शेकावर यजमानांच्या शेजारी टेकली. "झालं हो काम. लाल दोरा बांधून आले." भट्टीवाल्यांनी तळवा मागे टेकवला. "प्रेशर बरोबर आहे," ते म्हणाले. दोघांनाही आपापल्या परीनं समाधान होतं.

पुढे पत्रे आले. सगळी जागा उंच पत्र्यांनी बंदिस्त झाली. ते दिवस घडीताईनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. भट्टीवाले दर सकाळी पत्र्यापर्यंत जात, त्यावर तळवा ठेवत आणि दचकून मागे घेत. "थोडे दिवस हो," ती सांगे. त्यांचा हात धरून वसाहतीभोवती फेऱ्या मारी. रात्री तिची कंबर धरे, तरी उठून त्यांच्या दाराकडच्या पावलांवर लक्ष ठेवी. एकदा पत्र्याच्या फटीतून तिनं आत पाहिलं, तर बाकडं जागेवर नव्हतं. रंगवायला नेलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. लाल दोऱ्याची वस्तू आहे, बाकीच्या सामानात कशी ठेवतील?

पत्रे निघाले त्या दिवशी सगळी वसाहत लोटली. जागा खरोखर छान झाली होती. पायाला न लागणारी मऊ वाट, उताराचा रस्ता, झोके, सावलीचे मांडव. तळमजल्यावरची एक मुलगी चाकाच्या खुर्चीवर बसून आयुष्यात पहिल्यांदा आपली आपण बाहेर आली, आणि तिच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. हे सगळं घडीताईनं पाहिलं. पाहिलं, पण तिची नजर कडेला खिळली होती.

शेक नव्हता. भिंतीपुढे कठडा घातला होता आणि कठड्यामागे हिरव्या वेलींची उंच जाळी. भिंतीवरचा तो पाठींचा पट्टा कुठे होता हे आता तिलाही सांगता आलं नसतं. जवळच एक फलक होता, त्यावर सभेतले फोटो. शेवटचा फोटो लाल ठिपक्यांनी गच्च भरलेला, आणि खाली ठसठशीत अक्षरात, रहिवाशांनी एकमुखानं नाकारलेली जागा.

तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिथेच वाटेवर खाली बसली.

आराखडेवाली धावत आली. "आजी, चक्कर आली का?"

"बाकडं कुठाय?"

"कोणतं? ते? ते तर तुम्हीच..." ती थांबली. "सगळ्यांचे लाल त्याच्यावरच होते ना. मी विचारलंही तुम्हाला."

"लालच लावले गं. जपायचं म्हणून लाल." घडीताईनं तिचा हात घट्ट धरला. "लाल दोरा म्हणजे यंत्रात घालायचं नाही. हातानं, जपून. तुला कोणी सांगितलं नाही?"

त्या मुलीच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. ती शेजारी वाटेवरच बसली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या पहिल्या आराखड्यात ते होतं, आजी. मी ठेवलं होतं. वर छप्परही काढलं होतं. मला वाटलं, दिवसभर तिथे पुरुष बसतात म्हणून तुम्हा बायकांना ते नको असेल. दुसऱ्या एका ठिकाणी तसंच ऐकलं होतं. म्हटलं, आपल्याला काय वाटतं त्याला अर्थ नाही, लोक म्हणतील ते करायचं."

मुकादमबाई काठी टेकत मागे येऊन उभ्या होत्या. सगळं ऐकू गेलं नसलं तरी फलक वाचता येत होता. त्या कोणावर ओरडल्या नाहीत. "मीच सांगितलं होतं, एकही इकडेतिकडे घालवायचा नाही," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या. त्यानंतर त्या फारशा बाहेर दिसल्या नाहीत.

आराखडेवालीनं धडपड केली, नाही असं नाही. कचेरीत गेली, वरच्यांशी भांडली. पण गरम भिंतीशी माणसं बसू द्यायची नाहीत असा नियम वरच्यांनी काढून दाखवला, आणि कठडा हलेना. शेवटी तिनं मांडवाखाली एक नवं बाक बसवून घेतलं. वळणदार, टेकायला पाठ असलेलं, उठताना धरायला हात असलेलं. घडीताईनं मोठ्या आशेनं यजमानांना तिथे नेऊन बसवलं.

भट्टीवाल्यांनी सवयीनं तळवा मागे नेला. मागे थंड लोखंड होतं. त्यांनी दुसरीकडे हात लावून पाहिला. मग सगळ्या अंगानं मागे रेलून पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. किती दिवसांनी त्या डोळ्यांत पूर्वीची घाई आली.

"बॉयलर बंद पडलाय," ते म्हणाले.

"नाही हो, चालू आहे. बसा."

"बंद पडलाय. सगळं गार झालंय. हॉस्पिटलचे कपडे अडकतील."

तिनं त्यांना कसंबसं घरी आणलं. पण डोक्यात शिरलेली ती गोष्ट निघेना. जेवताना तेच, झोपेत तेच. बॉयलर बंद आहे आणि कोणी लक्ष देत नाही. आणि एका दुपारी ती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली तेवढ्यात ते निघून गेले. मोठ्या रस्त्याकडे नाही. धुलाईखान्याच्या फाटकातून, गाठोड्यांच्या गाड्यांमागून, बरोबर बॉयलरच्या खोलीत. तिथली वाट पायांना पाठ होती. आतली यंत्रं मात्र आता निराळी होती. त्यांच्या वेळी जिथे चाक असे, तिथे आता वाफेचा उघडा, तापलेला नळ होता. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला.

आतल्या कामगारांनी ओढून काढलं. एकजण नंतर घडीताईला सांगत होता, "मावशी, ओरडले नाहीत हो ते. उलट आम्हालाच म्हणाले, चालू झालाय आता, जा कामाला."

हॉस्पिटलात महिना गेला. हात राहिले, पण बोटं मिटेनात. मुलगी येऊन राहिली आणि जाण्याच्या दिवशी तिनं पिशवीतून एक कुलूप काढून ओट्यावर ठेवलं. घडीताईनं कुलूप उचललं, किल्ली फिरवून पाहिली. नीट फिरत होती.

आता संध्याकाळी खिडकीतून मोकळ्या जागेतला गलबला ऐकू येतो. झोके करकरतात, मुलं ओरडतात, चाकाच्या खुर्चीवरची ती मुलगी शर्यत लावते आणि बहुतेक जिंकते. दुसऱ्या शहरांतून माणसं जागा बघायला येतात. आराखडेवालीही कधी येते. दारावर टकटक करते आणि घडीताई आतून कुलूप काढेपर्यंत खाली मान घालून उभी राहते. येताना काही ना काही घेऊन येते. गेल्या वेळी गरम पाण्याची रबरी पिशवी आणली होती, मोठ्यातली.

भट्टीवाले स्वयंपाकघरातल्या भिंतीशी बसतात. घडीताई पिशवीत पाणी भरते, फडक्यात गुंडाळते आणि त्यांची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये सरकवते. फडकं लाल आहे. मुद्दाम घेतलेलं नाही, घरात तेच मऊ होतं.

ते न मिटणारा तळवा मागे नेतात. थोडा वेळ ऐकल्यासारखं करतात.

"प्रेशर बरोबर आहे."

"आहे ना," ती म्हणते आणि भाजी चिरायला घेते. किल्ली कंबरेला असते. चिरून होतं न होतं तोच मागून आवाज येतो.

"उतरलं."

"हो, हो," ती म्हणते आणि पुन्हा पाणी तापत ठेवायला उठते.